एकटी गिटार आणि ओळखीची चाल: जॅझमधलं उत्स्फूर्त वादन कसं ऐकावं

एकट्या गिटारवर वाजवलेलं जॅझ पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांचं एकच होतं. सुरुवातीला ओळखीची चाल कानावर पडते आणि मान आपोआप डोलायला लागते. मग मिनिटभरातच ती चाल कुठे तरी बुडते. सुरांची गर्दी होते, मधूनच जाड कॉर्ड्स, म्हणजे एकदम छेडलेले सुरांचे गुच्छ, येतात, एखादा ओळखीचा तुकडा डोकं वर काढतो आणि लगेच नाहीसा होतो. शेवटी कधी तरी चाल परत येते आणि आपल्याला हायसं वाटतं. मधली तीन-चार मिनिटं तो माणूस नक्की काय करत होता, हे मात्र कळलेलं नसतं.

माझं बरीच वर्षं असंच चाललं होतं. मी बोटांकडे कान लावून बसायचो. केवढा वेग, केवढी सफाई, एका हाताला हे जमतं तरी कसं! कौतुक वाटायचं, पण आत काही पोचायचं नाही. एके दिवशी सहज, गिटार वाजत असताना मी मूळ गाणं मनातल्या मनात म्हणत राहिलो. वादक कुठेही गेला तरी मी आपली चाल सोडली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ते वादन उलगडलं. जे विस्कळीत वाटत होतं ते सगळं त्या न वाजणाऱ्या चालीशी चाललेलं बोलणं होतं. मी फक्त अर्धंच बोलणं ऐकत आलो होतो.

हे असं का होतं, हे नीट समजून घ्यायचं तर एकच गाणं हाती धरून शेवटपर्यंत सोडवायला हवं. मी 'ऑटम लीव्ह्ज' घेतो. मूळचा हंगेरीचा पण फ्रान्समध्ये काम करणारा संगीतकार जोझेफ कोस्मा याची ही चाल. शब्द कवी झाक प्रेव्हेर यांचे. 1946 च्या एका फ्रेंच चित्रपटातून ती लोकांपुढे आली. पुढे जॉनी मर्सर याने तिला इंग्रजी शब्द दिले आणि ती जॅझवाल्यांच्या हाती लागली. आज जगात कुठेही जॅझ शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या काही गाण्यांत ती असतेच. जॅझमध्ये अशा गाण्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात. सगळ्या वादकांना ती ठाऊक असतात, आणि न ठरवता, न सराव करता एकत्र वाजवता येतात. त्यातली पुष्कळशी 1920 ते 1950 या काळातल्या अमेरिकी संगीत नाटकांतून आणि चित्रपटांतून आली. हे फ्रेंच गाणं त्या मांदियाळीत नंतर सामील झालं.

तुम्हाला हे गाणं ठाऊक नसेल तर आधी एखाद्या गायकाने किंवा गायिकेने साधेपणाने गायलेलं शोधून पाच-सहा वेळा ऐका. हे टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. चाल पाठ नसेल तर पुढचं सगळं नुसतं पुस्तकी राहील.

आता या गाण्याचा आकार. ते 32 बारांचं आहे. बार म्हणजे चार ठोक्यांचा एक खण, म्हणजे सगळे मिळून 128 ठोके झाले. मिनिटाला 120 ठोक्यांची लय धरली तर साधारण 64 सेकंदांत गाणं एकदा पुरं होतं. या एका फेरीला जॅझवाले 'कोरस' म्हणतात. आपल्या कानाला 'आवर्तन' हा शब्द जास्त जवळचा. वादक पहिल्या आवर्तनात चाल वाजवतो, मग त्याच 32 बारांवरून तीन, चार, सहा वेळा फिरतो, आणि शेवटच्या आवर्तनात चालीवर परततो. मधल्या फेऱ्यांत चाल ऐकू येत नसली तरी बार तेवढेच असतात आणि कॉर्ड्सचा क्रम तोच असतो. ख्याल ऐकणाऱ्याला हे नवं नाही. गायक कितीही लांब गेला तरी तबला ठेका सोडत नाही, आणि श्रोता मनात सम धरून बसलेला असतो.

पण इथूनच राग ऐकणाऱ्या कानाची फसगत सुरू होते, आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं.

रागसंगीतात तानपुरा एकच षड्ज धरून बसलेला असतो. कोमल धैवत हा त्या षड्जाशी जे नातं सांगतो, तेच शेवटपर्यंत सांगतो. जॅझ स्टँडर्डमध्ये खालची जमीनच सरकते. दर एक-दोन बारांनी खर्जाचा, म्हणजे सगळ्यात खालचा, सूर बदलतो, त्याबरोबर कॉर्ड बदलते, आणि वर धरून ठेवलेल्या त्याच सुराचा अर्थ पालटतो.

हे पेटीवर किंवा कीबोर्डवर करून बघता येईल. हे गाणं आपण जी मायनरमध्ये घेऊ आणि जी ला सा म्हणू. चालीचे पहिले सूर आहेत सा रे आणि कोमल ग, आणि तिथून उडी मारून ती कोमल ध वर जाऊन थांबते. त्या वेळी खाली खर्जात म आहे. डाव्या हाताने खालचा म दाबा, उजव्याने कोमल ध. म ला क्षणभर सा मानलं तर हा ध म्हणजे त्याचा कोमल गंधार. उदास, पण स्वस्थ बसलेला सूर. आता उजवा हात तसाच ठेवा आणि डाव्याने म सोडून खालचा कोमल नि दाबा. वरचा सूर तोच, पण आता तो या नव्या खर्जाचा कोमल निषाद झाला. स्वस्थपणा गेला, त्याला कुठे तरी जायचं आहे असं वाटायला लागतं. मग डाव्याने कोमल ग दाबा आणि उजव्याने ध वरून अर्धा स्वर खाली, प वर या. हा प आता खालच्या ग चा शुद्ध गंधार आहे. दार उघडून उजेड यावा तसं काही तरी होतं.

गाण्यात नेमकं हेच घडतं. चाल कोमल ध वर थांबते, त्याखालून कॉर्ड सरकते, ध अस्वस्थ होतो, तीन सुरांचा छोटा जिना चढून चाल पुन्हा झेप घेते आणि प वर विसावते. मग हेच एक पायरी खाली: म वर थांबा. मग आणखी एक पायरी खाली: कोमल ग. म्हणजे चालीचे लांब थांबे तेवढे वेगळे काढले तर ध, प, म, ग असा सरळ उतरणारा जिना दिसतो. आणि यातला प्रत्येक थांबा हा तो येतो त्या वेळच्या कॉर्डचा तिसरा सूर असतो, म्हणजे त्या खर्जाचा गंधार. कॉर्ड हसरी की उदास हे तोच सूर ठरवतो. तो शुद्ध असेल तर कॉर्ड मेजर, कोमल असेल तर मायनर.

खर्जाची वाट तर याहून सुंदर आहे. पहिल्या आठ बारांत खर्ज असा जातो: म, कोमल नि, कोमल ग, कोमल ध, रे, प, सा. नीट बघा, सप्तकातला प्रत्येक सूर एकदा आणि एकदाच येतो, आणि शेवटी सा वर मुक्काम पडतो. प्रत्येक उडी षड्ज-मध्यम भावाची, म्हणजे सा ते म एवढ्या अंतराची, आहे. फक्त ध वरून रे वर जाणारी उडी अर्ध्या स्वराने मोठी. आणि सा वरून पुन्हा म वर जाणं हीसुद्धा तशीच उडी असल्यामुळे दुसरी फेरी आपसूक सुरू होते. या चक्रात दोन घरं, म्हणजे विसाव्याच्या जागा, लागतात. तिसऱ्या बारात कोमल ग चं मेजर घर, आणि सातव्या बारात सा चं मायनर घर. पुढे गाण्याचा मधला भाग सुरू होतो तेव्हा हाच क्रम उलटतो, आधी मायनर घर आणि मग मेजर. चाल डोळ्यांआड असतानाही आपण गाण्यात कुठे आहोत हे ओळखण्याची सगळ्यात भरवशाची खूण हीच. उदास घर आधी आलं, म्हणजे मधला भाग सुरू झाला.

ही अशी वाट जॅझच्या शेकडो गाण्यांत तुकड्या-तुकड्यांनी सापडते. जेरोम कर्न याच्या 1939 सालच्या 'ऑल द थिंग्ज यू आर' या 36 बारांच्या गाण्यातही चालीचे लांब सूर बहुतांशी कॉर्डच्या गंधारावरच बसवलेले आहेत. म्हणून एक गाणं नीट सोडवलं की पुढची निम्मी अधिक सोपी होतात.

सहा तारा, तीन कामं

पूर्ण वाद्यवृंदात डबल बास खर्ज सांभाळतो, पियानो कॉर्ड्स देतो, ड्रम लय धरतो आणि सॅक्सोफोन चाल वाजवतो. एकट्या गिटारवाल्याला हे सगळं सहा तारांवर करायचं असतं. डाव्या हाताची चार बोटं, आणि छेडलेला सूर लगेच विरायला लागणारं वाद्य. बाजाच्या पेटीसारखा सूर धरून ठेवता येत नाही. पियानोवाल्याला दहा बोटं आणि तार घुमत ठेवणारं पेडल तरी असतं.

मग हे साधतं कसं? पूर्ण साधतच नाही, आणि इथेच या कलेचं मर्म आहे. गिटारवाला खर्ज, कॉर्ड्स आणि चाल ही तिन्ही कामं एकदम करत नाही. तो ती आळीपाळीने करतो आणि उरलेलं आपल्या कानाकडून करवून घेतो. खर्जाचा एक सूर वाजवून तो सोडून देतो. बोट दुसरीकडे गेल्यावर तो सूर प्रत्यक्षात थांबलेला असतो, पण पुढचा खर्ज येईपर्यंत तो आपल्या कानात चालू राहतो. कॉर्डमधले पाच-सहा सूर तो वाजवत नाही. बहुतेकदा खर्ज, त्याचा गंधार आणि त्याचा निषाद एवढे तीन पुरतात, कारण कॉर्डची जात तेवढ्यावरून कळते. पंचम तर सर्रास गाळतात. तो असला-नसला तरी कॉर्डचा स्वभाव बदलत नाही. म्हणून या वादनात काय गाळलं आहे याकडे लक्ष गेलं की ऐकण्याची गोडी वाढते.

'ऑटम लीव्ह्ज' गिटारवाल्यांना इतकं आवडण्याचं एक साधं कारण इथे सांगायला हवं. चालीच्या दर दोन बारांत, म्हणजे आठ ठोक्यांत, सुमारे पाच ठोके एक सूर नुसता धरलेला असतो आणि तीन ठोके हालचाल असते. गायिकेला तो सूर भरून गाता येतो. गिटारवर तो विरतो. म्हणून तिथे रिकामी जागा तयार होते. 120 च्या लयीत जेमतेम अडीच सेकंद. वादक चालीचा लांब सूर वरच्या तारेवर वाजवतो, त्याखाली एक-दोन सुरांची कॉर्ड ठेवतो, मग तिथून एक छोटी तान खाली सोडतो, आणि चालीचे पुढचे तीन सूर यायच्या नेमक्या ठोक्यावर पुन्हा वर हजर होतो. पहिल्या आवर्तनात याकडेच कान ठेवा. चाल कुठे संपते आणि त्याची स्वतःची भर कुठे सुरू होते, हे इथे स्वच्छ ऐकू येतं.

या प्रकारातलं सर्वांत मोठं नाव जो पास. जन्म 1929 चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातला, मृत्यू 1994. आयुष्याचा बराच तरुण काळ व्यसनाने खाल्ला. त्यातून बाहेर पडायला तो सिनॅनॉन या पुनर्वसन केंद्रात राहिला आणि तिथल्याच वादकांसोबत 1962 मध्ये त्याची पहिली महत्त्वाची ध्वनिमुद्रिका निघाली. 1973 साली नॉर्मन ग्रँझच्या पाब्लो कंपनीसाठी त्याने 'व्हर्चुओसो' ध्वनिमुद्रित केली. संपूर्ण ध्वनिमुद्रिकेत त्याची एकट्याची गिटार, आणि एक अपवाद सोडला तर सगळी स्टँडर्ड्स. पहिलंच गाणं कोल पोर्टरचं 'नाइट अँड डे'. त्याआधीही गिटारवर एकट्याने वाजवणारे होते. जँगो राइनहार्टने 1930 च्या दशकात एकट्या गिटारवर उत्स्फूर्त तुकडे ध्वनिमुद्रित केले होते, आणि जॉर्ज व्हॅन एप्सने खर्जासाठी सातवी तार असलेली गिटार घेऊन कॉर्डवादनाचं एक वेगळंच शास्त्र उभं केलं होतं. पण अख्खी मैफल एकट्या गिटारवर उभी राहू शकते, ही गोष्ट सर्वदूर पोचवली ती जो पासने.

आता वादकाच्या मागून चालत जाऊ

समजा, एखादा वादक याच परंपरेत 'ऑटम लीव्ह्ज' वाजवायला बसला आहे. बहुधा तो लयीशिवाय सुरुवात करेल. चालीचा एक तुकडा, मग थांबा, मग दोन-तीन कॉर्ड्स, पुन्हा थांबा. हे आलापासारखं वाटतं, आणि भावाने ते तसं आहेही. फरक एवढाच की आलापात गायक एकेका सुराची बढत करतो आणि हा वादक गाण्याच्या कॉर्ड्सच्या वाटेवरून पावलापावलाने जातो. बार लांबतात, आखडतात, पण क्रम मोडत नाही. म्हणून इथे ठोके मोजू नका. चालीचे शब्द मनात त्याच्या चालण्याने म्हणा. तो थांबला की तुम्ही थांबा.

मग लय सुरू होते. हा क्षण फार देखणा असतो. कधी चालीच्या तीन चढत्या सुरांवरच तो अचानक पायाने ठोका धरावा तसा लयीत शिरतो. लय ड्रमशिवायच चालायची असते, म्हणून ती कुठून येते ते शोधा. बहुतेकदा अंगठ्याकडून येते, कारण खर्जाच्या तारा अंगठ्याकडे असतात. कधी प्रत्येक ठोक्याला एक असा चालता खर्ज ऐकू येतो. बारात चार सूर, आणि चौथा सूर असा निवडलेला की पुढच्या बारातला खर्ज त्याच्यापासून जेमतेम एका पडद्यावर, म्हणजे अर्ध्या स्वरावर, असावा, वरून किंवा खालून. त्यामुळे पुढची कॉर्ड यायच्या आधीच आपल्याला तिची चाहूल लागते. या चालत्या खर्जाच्या मधल्या फटीत, ठोक्याच्या किंचित आधी किंवा नंतर, कॉर्डचे छोटे फटके येतात. ऐकायला दोन माणसं वाजवत असल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या आवर्तनापासून चाल सुटते. इथेच लोक हरवतात, आणि इथेच मनात चाल म्हणत राहायची. तुम्ही मनात कोमल ध वर थांबला आहात, आणि तो आठ-दहा सुरांची एक ओळ वाजवतो आहे. कॉर्ड बदलते तो ठोका आला की बघा, त्याची ओळ कुठे उतरली. निष्णात वादकाची ओळ त्या ठोक्यावर बहुधा नव्या कॉर्डच्या गंधारावर किंवा निषादावर उतरते. तुमच्या मनातली चालही त्याच सुरावर असते, कारण कोस्माने ती तशीच बांधली आहे. दोघं वेगळ्या वाटांनी येऊन एकाच उंबऱ्यावर भेटता. हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी ते ध्वनिमुद्रण तिथेच थांबवून पुन्हा मागे नेलं होतं.

मधल्या सुरांचं काय? त्यातले कित्येक सूर कॉर्डचे नसतात, गाण्याच्या सप्तकातलेही नसतात. चुकल्यासारखे वाटतात. राग ऐकणाऱ्याच्या कानाला तर हे वर्ज्य सूर फार टोचतात. पण ते कुठे आहेत यापेक्षा ते कुठे नेतात हे ऐकायला हवं. प वर उतरायचं असेल तर वादक आधी कोमल ध वाजवेल, मग तीव्र म, आणि मग प. लक्ष्याला वरून आणि खालून चिमटीत धरल्यासारखं. तीव्र म इथे पाहुणा आहे, पण त्याच्यामुळे प वरचं उतरणं ठाशीव होतं. म्हणून एखादा सूर खटकला तर लगेच निकाल देऊ नका. पुढचे दोन सूर येऊ द्या.

याहून खोल खेळ कॉर्ड बदलण्याचा आहे. गाण्याच्या शेवटी खर्ज रे वरून प वर आणि तिथून सा वर येतो. रे, प, सा. यातल्या प वरच्या कॉर्डमध्ये जीव कशात असतो? शुद्ध नि आणि म या दोन सुरांच्या ताणात. नि ला वर सा कडे जायचं असतं आणि म ला खाली कोमल ग कडे. गंमत अशी की हेच दोन सूर दुसऱ्या एका खर्जावरच्या तशाच कॉर्डमध्येही सापडतात: कोमल रे. म्हणून वादक वरचे दोन सूर तसेच ठेवतो आणि खालचा प काढून तिथे कोमल रे घालतो. आता खर्ज जातो रे, कोमल रे, सा. उड्या संपल्या, खर्ज मिंडेसारखा सरळ घसरत घरी आला. गिटारवर तर हे एकाच जाड तारेवर पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या पडद्यावर घडतं. हाताला इतकं सोयीचं आहे की हा बदल गिटारवाल्यांच्या बोटात मुरलेला असतो. गंभीर मैफलीत हा घसरता खर्ज आला की मला दर वेळी पोटात हलकंसं काही तरी होतं, इतक्या वेळा ऐकूनही.

हे ओळखायचं कसं? तुम्ही मनात म्हणत असलेली चाल अजून बरोबर लागते, पण तिच्याखालचा रंग अनपेक्षित गडद होतो. चालीचा मेळ बसतो आणि खालचा सूर चकवतो, असं वाटलं की समजा वादकाने कॉर्ड बदलली. शास्त्रीय नाव ठाऊक असण्याची गरज नाही.

पुढच्या आवर्तनांत तो बहुधा पोत बदलेल. एकेरी ओळींनंतर दोन-दोन सूर जोडीने, मग जाड कॉर्ड्समधूनच चाल. चढत जाणाऱ्या वादनाची ही रीत वेस माँटगोमेरीने घडवली. तो मात्र साथीदारांबरोबर वाजवत असे. उजव्या हाताच्या अंगठ्याने छेडायचा, आधी एकेरी सूर, मग तोच सूर दोन सप्तकांत एकदम, मग पूर्ण कॉर्ड्स. एकट्याने वाजवणाऱ्यांनी त्याच्याकडून ही बांधणी घेतली. जिम हॉल हा गिटारवादक अगदी उलट टोकाला. थोडे सूर आणि भरपूर शांतता. 1962 साली बिल एव्हन्सच्या पियानोसोबत त्याने केलेली 'अंडरकरंट' ही ध्वनिमुद्रिका मी एकट्या गिटारच्या श्रोत्यालाही आवर्जून सुचवतो, कारण न वाजवलेला ठोका किती बोलतो हे तिथे शिकायला मिळतं. जो पासच्या ओघाने तुम्ही दमलात तर जिम हॉलकडे जा.

एक गोष्ट पुष्कळदा विचारली जाते: हे सगळं त्या क्षणी सुचतं, की आधी बसवलेलं असतं? दोन्ही. कॉर्डचे आकार, तानांचे तुकडे, खर्जाच्या घसरणी वर्षानुवर्षं हातात बसलेल्या असतात. ते शब्द झाले. वाक्य त्या क्षणी होतं. पडताळून बघायचं तर एकाच वादकाची एकाच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका. काही वळणं तंतोतंत तीच सापडतील, आणि ती वेगळ्या जागी, वेगळ्या हेतूने वापरलेली दिसतील. मला यात कमीपणा वाटत नाही. बोलताना आपण तरी दर वेळी नवे शब्द कुठे घडवतो?

कान कसा तयार करावा

पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा फक्त खर्ज ऐका. जाड तारा कुठे जातात, केव्हा गप्प होतात, एवढंच. हे वाटतं त्याहून अवघड आहे, कारण कान सतत वरच्या सुरांकडे धावतो. बरे हेडफोन असतील तर खर्ज सापडतो. फोनच्या छोट्या स्पीकरवर तो जवळजवळ नाहीसाच होतो, आणि मग अर्धं वादन हातातून जातं.

तिसऱ्यांदा ओठ मिटून चाल गुणगुणत ऐका, शक्य असेल तर प्रत्यक्ष आवाज काढून. मध्येच तुम्ही आणि वादक वेगळ्या जागी असाल. मग दोन शक्यता. तुमचा बार चुकला असेल, किंवा तो मुद्दाम लय पुढे-मागे खेचत असेल. उदास घर कधी येतं त्याची वाट बघा आणि तिथून पुन्हा चाल धरा. पहिले काही दिवस तिसऱ्या आवर्तनापर्यंत टिकलात तरी पुष्कळ झालं. लयीत वाजवलेलं, मध्यम गतीचं ध्वनिमुद्रण यासाठी निवडा. मुक्त लयीतल्या संथ वादनाने सुरुवात केली तर धरायला काहीच सापडत नाही.

शेवटच्या आवर्तनात चाल परत येते. आता ती पहिल्यासारखी ऐकू येणार नाही. कोमल ध वर तो थांबला की खालचा खर्ज सरकण्याआधीच तुम्हाला ती अस्वस्थता जाणवेल. आणि सगळ्यात शेवटी, जिथे रे, प, सा करून गाणं संपायला हवं, तिथे तो बहुधा संपवणार नाही. सा वर उतरता उतरता बाजूला वळेल, तोच तुकडा दुसऱ्यांदा वाजवेल, या वेळी कोमल रे वरून घसरत, आणि पुन्हा सा टाळेल. तिसऱ्या वेळी लय सोडून देईल, प वरची कॉर्ड एकेका तारेने उलगडेल, आणि मधला तो शुद्ध नि हवेत तसाच ठेवून थांबेल. सा अजून वाजलेला नसतो. तो आधी तुमच्या मनात वाजतो, आणि मग त्याच्या तारेवर.